कोरा दिवस

मॅडम: जाहिरातवाल्यांना तुमचे मिस्टर हवेत, ताई.

ताई: माझे? कशाला?

मॅडम: शूटिंगला. दारात उभं राहायचं, बायको आत येते, तिच्याकडे बघून एक वाक्य म्हणायचं. वाक्य त्यांचंच आहे, त्यामुळे पाठांतर नाही.

ताई: त्यांचं कुठलं वाक्य?

मॅडम: असं काय करता? तुमच्याच घरच्या चाचणीच्या कागदावरचं. थांबा, वाचते. सेंटचा नमुना नंबर सतरा. दिवस तिसरा. वास कधी जाणवला: संध्याकाळी, मी घरात आल्यावर. कोणाला जाणवला: नवऱ्याला. काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत: 'तू आलीस की कोणीतरी खिडकी उघडल्यासारखं वाटतं.' मालकांच्या मीटिंगमध्ये मोठ्यानं वाचलं मी हे.

ताई: अगं बाई!

मॅडम: मालकांनी चष्मा काढला. त्यांनी चष्मा काढलेला मी आधी एकदाच पाहिलाय, गोदामात पाणी शिरलं होतं तेव्हा.

ताई: मॅडम, ते लिफ्ट दुरुस्त करणारे. कॅमेऱ्यापुढे काय उभे राहणार?

मॅडम: त्यांना तसाच माणूस हवाय. नट नको, खरा नवरा हवा.

ताई: सुट्टी मिळायची नाही त्यांना.

मॅडम: रविवारी ठेवू.

ताई: रविवारीच लिफ्ट जास्त बंद पडतात. लोक घरी असतात ना.

मॅडम: तासाभराचं काम आहे. गाडी पाठवते.

ताई: आणि पुढचा एक दात पडलाय.

मॅडम: तोंड मिटून हसायला सांगू. ताई, मी गंमत म्हणून बोलावलेलं नाही तुम्हाला. सतरा आणि अठरा, दोन्हीतला एकच बाजारात जाणार, हे तुम्हाला माहितेय. मालकांचा ओढा अठराकडे आहे.

ताई: त्या अठराला वास म्हणायचं? तो खोलीत येत नाही, अंगावर येतो. फळांचं दुकान उलटंपालटं केल्यासारखा.

मॅडम: पण लोकांना कळतो. सतराबद्दल मालकांची तक्रार एकच. फार हलका आहे, कोणाच्या लक्षातच यायचा नाही.

ताई: रोज लावायचा आहे ना तो? थोडी नासपती, सफरचंदाची साल, वर पांढरी फुलं आणि खाली नावाला कस्तुरी. रोजचं ते हलकंच हवं. लग्नातले कपडे घालून कोणी रोज कामावर जातं का?

मॅडम: मला पटतं. मला पटून भागत नाही, पुरावा लागतो. दहा जणींनी नमुना घरी नेला. नऊ कागदांवर काय आहे? 'ठीक.' 'बरा.' 'कोणी काही बोललं नाही.' एकीच्या सासूबाईंनी विचारलं, फळं आणलीस ती लपवलीस कुठे? म्हणजे सतरा नंबर कोणाला तरी नीट जाणवला, याचा अख्ख्या कंपनीत एकच पुरावा आहे. तुमचे मिस्टर. ते असताना मी सतरासाठी भांडू शकते.

ताई: दार लोटू का जरा?

मॅडम: लोटा. काय झालं?

ताई: ते असं म्हणाले नाहीत.

मॅडम: शब्द थोडे इकडचे तिकडे झाले असतील. चालतं.

ताई: शब्दांचं नाही हो. ते काहीच म्हणाले नाहीत.

मॅडम: तिसऱ्या दिवशी?

ताई: कुठल्याच दिवशी.

मॅडम: सतराबद्दल ना?

ताई: कशाहीबद्दल. नऊ वर्षं झाली मी घरचे कागद भरतेय. त्यातलं त्यांच्या तोंडचं एक अक्षर त्यांचं नाही. सगळं मी लिहिते.

मॅडम: 'धुतलेल्या टॉवेलसारखा येतोय, पण पाहुण्यांसाठी ठेवलेल्या टॉवेलसारखा'?

ताई: मीच.

मॅडम: 'तुझ्या बहिणीला दाखवू नकोस, ती मागेल'?

ताई: तेही मीच. बहीण तेवढी खरी आहे. तिनं बाटली मागितलीही असती.

मॅडम: 'हा दुपारनंतर आंबतो, हा नको लावूस.' ताई, त्या एका वाक्यावर मी अकरा नंबर रद्द केला होता.

ताई: रद्दच व्हायला हवा होता तो. चार वाजले की आंबायचा. नाक माझंच होतं, मॅडम. नाव तेवढं त्यांचं लावलं.

मॅडम: पण का? 'कोणालाही नाही' असं लिहायचं होतं.

ताई: पहिल्या कागदावर तेच लिहिलं होतं. तुमच्या आधीचे साहेब होते, त्यांनी परत पाठवला. म्हणाले, रकाना मोकळा सोडायचा नाही, घरी कोणी नाही का? म्हटलं, आहेत की, नवरा आहे. मग त्यांना विचारून लिहा म्हणाले. आता काय विचारायचं? 'अहो, माझा वास येतो का?' असं? लग्नाला पंधरा वर्षं झाल्यावर? जीभच रेटेना. शेवटी बसमध्ये मांडीवर कागद ठेवला आणि लिहून टाकलं, 'छान आहे म्हणाले.' साहेब खूश. पुढच्या वेळी दोन शब्द जास्त लिहिले.

मॅडम: आणि मग लिहीतच गेलात.

ताई: शनिवारी कागद पुढ्यात घ्यायचा आणि आज यांना काय बोलायला लावू, याचा विचार करत बसायचं. खरं सांगू? लिहिताना मला त्यांचा राग यायचा नाही. लिहून झाल्यावर यायचा.

मॅडम: तुमचे कागद मी नव्या मुलींना नमुना म्हणून वाचायला देते.

ताई: कळलं होतं ते. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं.

मॅडम: एकदा तर घरीही नेला. आमच्या मिस्टरांसमोर ठेवला. म्हटलं, वाचा, नवरे असे असतात. तीन दिवस आम्ही एकमेकांशी बोलत नव्हतो.

ताई: अरे देवा! मग सांगून टाका आता त्यांना, असा नवरा कुठे नसतोच.

मॅडम: आणि त्यांना जिंकू देऊ? ते माझं मी बघेन. आता मुद्द्याचं. नियमानं हा कागद मला बाद करावा लागेल. कागद बाद झाला की सतरा गेला.

ताई: मॅडम, मला हवं तर घरच्या चाचणीतून काढा. नुसतं वजनाच्या काट्यावर बसवा दिवसभर. पण सतरा घालवू नका.

मॅडम: एवढं काय आहे सतरामध्ये?

ताई: एकोणीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेले आकडे काट्यावर तोलतेय. अमुक इतके ग्रॅम, तमुक इतके थेंब. माझं काम काय, तर काटा हलू द्यायचा नाही. मार्चमध्ये सेंट जुळवणाऱ्या मोठ्या साहेबांना सर्दी झाली, आठवतं? नाक पार बंद. सतराची नासपती किती ठेवायची, ते त्यांना ठरवता येईना. मला म्हणाले, तू सांग. मी निम्मी करा म्हटलं. त्यांनी निम्मी केली. त्या अख्ख्या कागदावर तेवढा एक आकडा माझा आहे.

मॅडम: हे मला कोणी सांगितलं नाही.

ताई: कोण सांगणार? साहेबांची सर्दी गेली, ते गोष्टही विसरले.

मॅडम: बसा. हे बघा, आज मी काही ऐकलेलं नाही असं धरते. जुना कागद माझ्या खणात राहील. हा घ्या नवा. आजपासून चौदा दिवस, खरे. सकाळी दोन फवारे, मानेवर आणि मनगटावर, जास्त नाही. घरी सांगायचं नाही, विचारायचं नाही, मुद्दाम नाकासमोर हात नाचवायचे नाहीत. ते काही बोलले तर लिहायचं, नाही बोलले तर 'नाही' लिहायचं. एकदा जरी त्यांना जाणवला, अगदी 'वाईट आहे' म्हणाले तरी चालेल, मी सतरासाठी शेवटपर्यंत भांडेन.

ताई: आणि नाहीच जाणवला तर?

मॅडम: तर मालक बरोबर आहेत असं होईल. आणि शेवटचा दिवस कोरा. खरा कोरा.

ताई: कोरा दिवस कोणी पाळत नाही, मॅडम. चौदाव्या दिवशी सगळ्या कंटाळलेल्या असतात. काही न लावता एक दिवस राहायचं आणि लिहायचं काय? 'फरक नाही' लिहून सगळ्या मोकळ्या.

मॅडम: तुम्हीसुद्धा?

ताई: मी तर आधी. एक नमुना संपतो त्या दिवशी दुसरा हातात असतो. तोच लावते.

मॅडम: म्हणजे नऊ वर्षांत तुम्ही एकही कोरा दिवस काढलेला नाही.

ताई: आता तुम्ही म्हणताय तर, नाहीच.

[पाचवा दिवस. संध्याकाळ, ताईंचं घर.]

ताई: आज लवकर आलात?

नवरा: काम संपलं.

ताई: कालही लवकर आलात.

नवरा: कालही संपलं. तू अशी पंख्यासमोर का उभी आहेस?

ताई: उकडतंय मला.

नवरा: मग पंखा वाढव. मध्ये उभी राहिलीस तर हवा अडते. इकडे काहीच येत नाही.

ताई: काहीच येत नाही?

नवरा: हवा येत नाही म्हटलं.

ताई: घ्या, सरकले. चहा घ्या तो. आज कुठे होतात?

नवरा: त्या दातांच्या डॉक्टरांच्या इमारतीत. लिफ्ट चौथ्या मजल्यावर कण्हते.

ताई: कण्हते म्हणजे?

नवरा: वर जाताना बारीक आवाज करते. मला तळमजल्यावरून कळला. तिथला माणूस म्हणतो, मला काही ऐकू येत नाही. म्हटलं, दाराला कान लावा. लावला. तरी ऐकू येत नाही. लोकांना कान कशाला दिलेत, कोण जाणे.

ताई: नाकंही दिलीत लोकांना.

नवरा: काय?

ताई: काही नाही. डॉक्टर काही म्हणाले का, लिफ्ट नीट केल्यावर?

नवरा: डॉक्टर कशाला म्हणतील? त्या इमारतीत बारा वर्षं लिफ्ट सांभाळतोय. एक दिवस कोणी म्हणालं नाही, आज छान चालली. गेल्या वर्षी अर्धा तास थांबली तर सतरा फोन.

ताई: तुम्हाला वाईट वाटतं?

नवरा: कशाचं?

ताई: कोणी म्हणत नाही त्याचं.

नवरा: त्यात काय वाईट वाटायचं? चालतेय ना. चालणारी गोष्ट चालते.

ताई: अहो, तुम्हाला आज काही वेगळं वाटतंय का?

नवरा: कुठे?

ताई: इथे. घरात. माझ्यात म्हणा.

नवरा: केस कापलेस?

ताई: नाही.

नवरा: चष्मा नवा?

ताई: जुनाच.

नवरा: थांब, सांगू नकोस. पडदे.

ताई: पडदे उन्हाळ्यात बदलले.

नवरा: तेच म्हणतोय मी.

ताई: तुम्ही स्वतः शिडीवर चढून टांगलेत ते.

नवरा: चांगले टांगलेत.

ताई: कपाळ माझं!

नवरा: रागावलीस?

ताई: रागावून काय होणार? मी रागावलेली तरी कळते का तुम्हाला?

नवरा: ती कळते. भांडी वाजतात.

ताई: आणि रागावलेली नसते तेव्हा?

नवरा: तेव्हा वाजत नाहीत.

ताई: द्या तो कप इकडे. संपला ना?

नवरा: आहे अजून घोटभर. बस ना जरा. उभ्यानं काय बोलतेस?

ताई: बसून तरी काय फरक पडणार आहे?

नवरा: पाय दुखायचे नाहीत.

* * *

मॅडम: तेरा दिवस. वाचून दाखवू, की तुम्हाला पाठ आहे?

ताई: वाचा. पाठ असलं तरी दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं.

मॅडम: दिवस पहिला, नाही. दुसरा, नाही. तिसरा, नाही. चौथा, 'जेवताना मान वळवून माझ्याकडे पाहिलं, पण मीठ हवं होतं.' दिवस पाचवा, 'मी नियम मोडला, विचारलं. त्यांना पडदे वाटले.' ताई, हे लिहायलाच हवं होतं का?

ताई: खरं लिहा म्हणालात.

मॅडम: सहावा, नाही. सातवा, नाही. आठवा, 'बहीण आली होती. तिला दारातच कळलं. बाटली कुठली विचारलं, मी सांगितली नाही.' हे चांगलं आहे.

ताई: तिला कळणारच. तिला आमच्या घरातलं सगळं आमच्या आधी कळतं. पण ते दोन तास तिच्या शेजारी बसले होते, ती 'काय सुंदर, काय सुंदर' म्हणत होती आणि ते तिला इमारतींचे मजले मोजून सांगत होते.

मॅडम: नववा ते बारावा, नाही. तेरावा, आज सकाळपर्यंत, नाही. पुढे कंसात काहीतरी खोडलंय. काय होतं?

ताई: हल्ली लवकर येतात, एवढंच लिहिलं होतं. पूर्वी आठ वाजायचे, आता साडेसहाला दारात. मग वाटलं, ते वासाच्या कागदावर कशाला?

मॅडम: ते रकान्यात बसत नाही.

ताई: म्हणूनच खोडलं.

मॅडम: ताई, परवा मीटिंग आहे. हा कागद मी तिथे ठेवू शकत नाही. 'कोणाच्या लक्षात येत नाही' हेच तर मालकांचं म्हणणं, आणि तुमच्या तेरा ओळी नेमक्या त्याला दुजोरा देतात.

ताई: माहितेय. रात्री अंथरुणावर पडून तेच मोजत असते. दिवसभर काट्यावर बसते ना, सवय लागली. एका पारड्यात सतरा ठेवते, दुसऱ्यात त्यांचं एक वाक्य. पारडं हलतच नाही.

मॅडम: वाईट वाटतंय?

ताई: सतराचं वाटतंय. आणि माझंही वाटतंय, का नाही वाटायचं? नऊ वर्षं मी त्यांच्या वतीनं बोलत होते, तेव्हा मनात कुठेतरी असायचं, आत असेलच काहीतरी, फक्त बोलता येत नाही बिचाऱ्याला. आता खरं लिहायला बसले तर 'नाही, नाही, नाही'. आपलंच अक्षर आपल्याला खोटं पाडतंय.

मॅडम: माणसाचं नाक मंद असू शकतं. तेला-ग्रीसमध्ये हात असतात त्यांचे दिवसभर.

ताई: त्यांची बाजू घेऊ नका, मॅडम. बाजू घ्यायला मी आहे.

मॅडम: बरं. चौदावा दिवस राहिला.

ताई: तो कशाला आता? तेरा दिवस कोरेच गेले.

मॅडम: कागद पुरा करायचा असतो. उद्या कामावर येऊ नका, इथला वास केसांना धरतो. आज घरी गेल्यावर उशीची खोळ, टॉवेल, उद्याचे कपडे, सगळं बिनवासाच्या साबणानं धुवा. डोकंही. आणि पर्स कपाटात बंद करा. पर्सला सगळ्यात जास्त असतो.

ताई: उगाच एक रजा फुकट.

मॅडम: रजा कंपनीची. संध्याकाळी 'फरक नाही' लिहा आणि परवा सकाळी माझ्या टेबलावर ठेवा. पण या खेपेला ते लिहायच्या आधी दिवस काढा, एवढंच.

ताई: काढते. जाहिरातवाल्यांना काय सांगितलंत?

मॅडम: तुमच्या मिस्टरांचा दात पडलाय म्हणून सांगितलं.

* * *

नवरा: आली नाही वाटतं अजून.

ताई: कोण?

नवरा: बाप रे! घरातच आहेस तू?

ताई: सकाळपासून.

नवरा: मग दिवा तरी लावायचा.

ताई: दिवा लावलेलाच आहे की. रेडिओही चालू आहे.

नवरा: हो की. तरी दार उघडलं आणि वाटलं, घरात कोणी नाही.

ताई: मी इथे समोर खुर्चीत बसलेय. दाराकडे तोंड करून.

नवरा: आता दिसलीस. बरं नाहीये का तुला?

ताई: चांगली ठणठणीत आहे. रजा होती.

नवरा: मग काहीतरी बिघडलंय.

ताई: कशात?

नवरा: तेच बघतोय. फ्रिज बंद पडलाय का?

ताई: चालू आहे. आवाज येतोय ना?

नवरा: येतोय. मोरीचं पाणी जातंय नीट?

ताई: जातंय.

नवरा: गॅस?

ताई: बंद आहे. नळीही ठीक आहे, दुपारी बघितली मी. कपाटात डोकं कशाला घालताय?

नवरा: काही कुजलंय का बघतोय. उंदीरबिंदीर.

ताई: अहो, वास येतोय का कसला?

नवरा: नाही. वास कसलाच येत नाहीये.

ताई: मग शोधताय काय?

नवरा: मला काय माहीत? आवाज बदललेली लिफ्ट असती तर सांगितलं असतं कुठली तार सैल आहे. घराचं काय सांगू? आत पाऊल टाकलं आणि... सामान बदललंस का तू? काही उचलून बाहेर ठेवलंस?

ताई: एक पर्स कपाटात ठेवलीय. बाकी सगळं जागच्या जागी आहे.

नवरा: हे पंधरा दिवस बरं वाटत होतं घरात शिरल्यावर. कामावर सहा वाजले की पाय आपोआप इकडे वळायचे. म्हटलं, हवा बदलली असेल, पडद्यांमुळे असेल.

ताई: पडद्यांमुळे?

नवरा: तू मागे विचारलंस ना, काही वेगळं वाटतंय का म्हणून. नंतर बसमध्ये विचार केला. म्हटलं, वाटतंय खरं, बरं वाटतंय. पण कशामुळे ते काही सापडलं नाही. मग सांगणार काय?

ताई: एवढंच सांगायचं होतं.

नवरा: नुसतं 'बरं वाटतंय' हे काय सांगणं झालं? कारण सापडल्याशिवाय मी कुठल्याच कागदावर सही करत नाही.

ताई: आणि आज?

नवरा: आज कोंदट वाटतंय. तू समोर बसलीस तरी घर रिकामं वाटतंय, हे काय लक्षण झालं? तुझे डोळे का भरले?

ताई: कांदा चिरत होते मघाशी.

नवरा: चिरलेला कांदा दिसत नाही कुठे. वासही नाही.

ताई: तो तेवढा बरा कळला.

नवरा: अगं, ऊठ ना. ती खिडकी उघड आधी. कोणीतरी लावून घेतलीय.

ताई: कोण लावून घेणार? उघडीच आहे. सकाळपासून.

नवरा: उघडी आहे?

ताई: हात बाहेर घालून बघा.

नवरा: खरंच की. वाराही येतोय. मग खिडकी बंद असल्यासारखं का वाटतंय?

ताई: थांबा, थांबा, तिथेच उभे राहा. टेबलावरचा तो कागद द्या. आणि पेन. हं, आता पुन्हा सांगा. सावकाश सांगा, तुमच्याच शब्दांत लिहायचंय.